नाही म्हणायची किंमत किती?

इंटर्न म्हणून रुजू झालो त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. डेस्कवरच्या ताईंनी पोलीस ठाण्यातून आलेली चार ओळींची माहिती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, ‘याची छोटी बातमी कर.’ मी पाच मिनिटांत केली. पहिलं वाक्य तर बोटांनीच टाइप केलं, डोक्याला विचारलंही नाही. ‘अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवून नेले.’

ताईंनी वाचलं आणि पेनाचं टोक एका शब्दावर टेकवलं.

‘काय लावली?’

‘फूस, ताई.’

‘म्हणजे नेमकं काय केलं त्यानं? धमकी दिली? मोबाइल घेऊन दिला? लग्नाचं वचन दिलं? की पोरगी घरच्या कटकटीला वैतागून स्वतःच निघाली?’

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. कागदावर ते नव्हतंच. ताई म्हणाल्या, ‘एक शब्द टाकला की आपली सुटका होते बघ. काय घडलं ते सांगावं लागत नाही.’

तो शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलाय. आज त्यावरच तुमच्याशी बोलायचं आहे.

जरा आठवून पाहा, या एका गोष्टीसाठी आपल्याकडे किती शब्द आहेत. फूस लावणं, नादी लावणं, भुरळ घालणं, मोहिनी घालणं, भुलवणं, आमिष दाखवणं, गळाला लावणं, जाळ्यात ओढणं. आणि आपल्या पोरांचा लाडका शब्द म्हणजे पटवणं. मुलगा करतो ते ‘पटवणं’, त्यात शाबासकी असते. मुलगी करते ते ‘नादी लावणं’, त्यात शिवी असते. आणि यात जो अडकतो, त्याच्यासाठीचे शब्द बघा. गळ, आमिष, जाळं. सगळी मासेमारी. मासा अडकला म्हणजे मासाच मूर्ख, असं आपण धरून चालतो. त्या पाण्यात खायला दुसरं काही होतं का, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुणी कुणाला भुलवलं, अशी गोष्ट कानावर आली की आपण लगेच रूप बघतो, गोड बोलणं बघतो, चारित्र्य बघतो. सत्ता बघायची राहून जाते. खरा प्रश्न ‘तो किती गोड बोलत होता’ हा नाहीच. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची किंमत किती पडणार होती, हा आहे.

होस्टेलवरची विद्या

आधी माझंच सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना शहाणपणा शिकवतोय असं वाटणार नाही.

डिग्रीच्या पहिल्या वर्षाला अमरावतीला होस्टेलवर होतो. वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यातून गेलेला मुलगा. वर्गातल्या मुलींशी बोलायचं म्हटलं तरी घसा कोरडा पडायचा. एका मुलीशी कसंबसं बोलणं सुरू झालं. तिचा मेसेज आला की मी लगेच उत्तर द्यायचो. रूममेटनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ‘अबे, लगेच कायले रिप्लाय देतं? थांबू दे न तिले. त्यानंच किंमत वाढते.’

मग शिकवणी सुरू झाली. रील्सवर असल्या विद्येला तोटा नाही. मुलगी पटवायच्या पाच ट्रिक्स, सात ट्रिक्स. सगळ्यांचा सार एकच. कधी लगेच उत्तर द्यायचं, कधी दोन दिवस द्यायचंच नाही. एक दिवस भरभरून कौतुक करायचं, दुसऱ्या दिवशी नुसतं ‘हम्म’. तिला अंदाजच येऊ द्यायचा नाही.

मी ते केलं. तीन आठवडे केलं. आणि एका रात्री तिचा मेसेज आला, ‘माझं काही चुकलं का?’

खोलीत टाळ्या वाजल्या. मलाही वाटलं, जमलं बुवा आपल्याला. आज तो मेसेज आठवला की पोटात कसंतरी होतं. कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी मुद्दाम तिला असं ठेवलं होतं की ती स्वतःतच चूक शोधत बसावी.

पुढच्या वर्षी अभ्यासात बी. एफ. स्किनर हे नाव आलं. अमेरिकेतला हा मानसशास्त्रज्ञ पिंजऱ्यातले उंदीर आणि कबुतरं यांच्यावर प्रयोग करायचा. कळ दाबली की दाणा. दर वेळी दाणा मिळत असेल तर प्राणी भूक लागेल तेव्हाच कळ दाबतो, आणि दाणा बंद झाला की थोड्या वेळानं नाद सोडतो. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, नेम नाही, असं केलं तर? तो कळ दाबतच राहतो. दाणे पूर्ण बंद झाले तरी कितीतरी वेळ दाबत राहतो. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. तुमच्या-माझ्या हातातला फोनही बऱ्यापैकी याच तत्त्वावर चालतो. आणि मी होस्टेलच्या खोलीत बसून एका चांगल्या मुलीच्या हाताखाली तीच कळ ठेवली होती.

म्हणजे बघा, तिला ओढून घेणारं माझ्यात काही खास नव्हतं. रूप म्हणाल तर यथातथाच. जे काम करत होतं ते अंतर होतं. मला काही फरक पडत नव्हता, तिला पडत होता. ज्याला फरक पडत नाही, त्याच्या हातात दोरी.

मग सगळंच वाईट का?

इथं तुम्ही म्हणाल, अरे, मग आवडणाऱ्या माणसाला आपलंसं करायचा प्रयत्नच करू नये का? नवा शर्ट घालू नये? केस विंचरू नयेत?

करावा की. एकमेकांना वळवणं हे तर आपण दिवसभर करतो. रॉबर्ट चाल्डिनी या प्राध्यापकानं १९८४ मध्ये ‘इन्फ्लुएन्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. माणसं ‘हो’ का म्हणतात याची त्यानं सहा कारणं सांगितली. कुणी आधी काही दिलं की परतफेड करावीशी वाटते. एकदा छोट्या गोष्टीला हो म्हटलं की मोठ्या गोष्टीला नाही म्हणणं जड जातं. चारचौघं करतात ते बरोबर वाटतं. आवडत्या माणसाचं ऐकावंसं वाटतं. अधिकारी माणसापुढे मान झुकते. आणि जे संपत आलंय ते आत्ताच हवंसं वाटतं.

यात आपल्याला नवीन काय आहे? लग्नाच्या बस्त्याला गेलात की साडीच्या दुकानात आधी चहा येतो. चहा प्यायल्यावर रिकाम्या हातानं उठायची लाज वाटते. निवडणुकीत उमेदवार पन्नास गाड्या घेऊन गावात शिरतो, ते उगाच नाही. ‘दोनच सीट उरल्यात’ असं क्लासवाला म्हणतो, तेही उगाच नाही.

पण साडीच्या दुकानातून तुम्ही उठून जाऊ शकता. दुकानदार तोंड वाकडं करेल, फार तर चहा वसूल झाला नाही म्हणेल. तुमचं काही बिघडत नाही. सीमा मला तिथंच दिसते. आणि ती सीमा कळायला लांब जावं लागत नाही. आपलं वाशिम पुरेसं आहे.

एक गाव, दोन पुस्तकं

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इथं सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी वत्सगुल्म म्हणजेच वाशिम हे मांडलं आहे. अजिंठ्याच्या १६ व्या लेणीत ज्या हरिषेण राजाचं नाव कोरलेलं आहे, तो याच शाखेचा.

हे गाव संस्कृतातल्या दोन पुस्तकांत येतं, आणि दोन्हीकडे विषय भुरळ हाच आहे. मला हे कळलं तेव्हा मी पाटणी चौकात उभा राहून एकटाच हसलो होतो. आपल्या वाशिमात!

पहिलं पुस्तक राजशेखराचं ‘काव्यमीमांसा’. साधारण दहाव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात एक गोष्ट आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष. आई त्याला न घेता ब्रह्मदेवाच्या सभेला निघाली म्हणून तो रुसला आणि घर सोडून चालू लागला. त्याला परत आणायचं म्हणून गौरीनं एक मुलगी निर्माण केली, साहित्यविद्या. ती त्याच्या मागं मागं निघाली. पूर्वेकडे गेली, पांचाल देशात गेली, अवंतीत गेली, दक्षिणेत आली. प्रत्येक देशात तिनं तिथला वेश केला, तिथलं नृत्य केलं. पूर्वेत त्याच्यावर फारसा परिणाम झाला नाही. पुढं थोडा झाला. दक्षिणेत येईपर्यंत मात्र तो पुरता तिचा झाला. मग दोघांनी गांधर्वविवाह केला. कुठं? विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. राजशेखर म्हणतो की हे नगर म्हणजे कामदेवाचं खेळायचं ठिकाण.

दुसरं पुस्तक वात्स्यायनाचं ‘कामसूत्र’. नाव ऐकून चोरून हसायची गरज नाही, कारण त्यातला जो भाग मी सांगतोय तो वाचून हसू येत नाही. पाचव्या अधिकरणात एक प्रकरण आहे, सत्ताधाऱ्यांच्या इच्छांबद्दलचं. वात्स्यायन तिथं थंडपणे नोंद करतो की गावच्या तरुण मुखियाला गावातल्या बायका मिळवायला नुसता शब्द टाकला तरी पुरतो. फूल नको, गाणं नको, दूती नको. आणि हे घडतं कुठं याची त्यानं यादी दिली आहे. बायका वेठीच्या कामाला येतात तेव्हा. कोठारात धान्य भरायला येतात तेव्हा. घराची डागडुजी करायला, शेतात कामाला, कापूस आणि लोकर न्यायला, कातलेलं सूत जमा करायला येतात तेव्हा. सुताच्या खात्यावरचा अधिकारी कुणाला गाठतो? विधवांना आणि निराधार बायकांना.

याच प्रकरणात पुढं वेगवेगळ्या प्रदेशांतल्या रीती येतात, आणि त्यात आपलं गाव येतं. वत्सगुल्माकडे मोठ्या अमात्यांच्या घरच्या स्त्रिया रात्री राजाच्या सेवेला जातात, अशी ती नोंद. लगेच पुढची नोंद विदर्भाची. राजवाड्यातल्या स्त्रिया खेड्यापाड्यांतल्या देखण्या बायकांना पंधरा दिवस, महिनाभर वाड्यात ठेवून घेतात. निमित्त कसलं? मायेचं, प्रेमाचं.

आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहा. गाव एकच. पहिल्या गोष्टीत साहित्यविद्येनं काय कमी युक्त्या केल्या? वेश बदलले, नाचली, गायली. पण काव्यपुरुष मोकळा होता. तो चार देश चालत गेला, मनात येईल तेव्हा तोंड फिरवू शकत होता. पूर्वेत त्यानं भीक घातली नाही तर त्याचं काही वाकडं झालं नाही. म्हणून ते प्रेम. दुसऱ्या पुस्तकात युक्तीच नाही. तिथं शब्द पुरतो, कारण सुताची मजुरी त्या अधिकाऱ्याच्या हातात आहे. तिथं ‘नाही’ म्हटलं तर संध्याकाळी चूल पेटणार नाही.

गंमत म्हणजे या अधिकरणाच्या शेवटी वात्स्यायन सांगतो की हे सगळं लोकांनी आपल्या घरच्या स्त्रियांचं रक्षण करावं म्हणून लिहिलं आहे, गैरवापरासाठी नव्हे. आजच्या रीलच्या खाली असतं ना, ‘केवळ माहितीसाठी’, तसंच. शेकडो वर्षं झाली, पळवाट तीच.

आजचं कोठार

वेठ गेली, राजा गेला. पण ज्याचा नुसता शब्द पुरतो अशी माणसं गेली का?

सोंगणीच्या दिवसांत मजुरीचा हिशेब वहीत लिहिणारा माणूस. तालुक्याच्या ऑफिसात एका सहीसाठी पाच चकरा मारायला लावणारा आणि सहाव्या चकरेला ‘तुमचं काम होऊन जाईल, नंबर देऊन ठेवा’ म्हणणारा. स्पर्धा परीक्षेच्या पोरांवर पोटच्या लेकरासारखी माया असल्याचं सांगणारा, पण मुलींनाच रात्री अकराला ‘अभ्यास झाला का’ विचारणारा कुणीतरी. आमच्याही क्षेत्रात ‘तुझ्यात टॅलेंट आहे, मी पुढं आणतो’ म्हणणारे असतात. यांतला प्रत्येक जण उद्या म्हणेल, मी काय बळजबरी केली? ती हसत बोलत होती. खरं आहे, हसत होती. हसणं हा तिच्या कामाचाच भाग होता.

हसण्याला किंवा गप्प राहण्याला ‘हो’ समजण्याची किती मोठी किंमत मोजावी लागते, हे विदर्भानं पाहिलंय. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याचं ते प्रकरण. खालच्या न्यायालयानं पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठानं दोषी धरलं. भीतीपोटी शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा फरक खंडपीठानं केला. सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा नव्हता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या रात्री कुणी कुणाला भुलवलं नव्हतं, तो सरळ सत्तेचा जुलूम होता. तरी तो संमतीच्या नावावर खपला, कारण ठाण्याच्या चार भिंतींत एका मजूर मुलीला ‘नाही’ म्हणणं किती महाग होतं, हा हिशेबच कुणी मांडला नाही.

आता कायदा पुढं गेलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ६९ आहे. लग्नाचं खोटं वचन देऊन, नोकरी किंवा बढतीचं आमिष दाखवून, ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चांगलंच आहे. पण कायद्याला खोटेपणा पकडता येतो. जिथं कुणी खोटं बोललंच नाही, फक्त समोरची व्यक्ती अडलेली होती, तिथं आपली नजरच कामाला यावी लागते.

फूस घरातही लागते

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी लबाडी केली असं होईल.

सज्ञान मुलगी आपल्या मनानं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करते, तेव्हाही घरचे म्हणतात, त्यानं फूस लावली. एकवीस वर्षांची, पदवी घेतलेली, बँकेचं खातं स्वतः चालवणारी मुलगी या एका शब्दानं क्षणात लहान लेकरू होते. तिला डोकं आहे, तिनं निवड केली, हे मानायला कुणी तयार होत नाही. मग तिला परत आणायला जे होतं ते काय असतं? आई अंथरूण धरते. बाप विषाच्या बाटलीकडे बोट दाखवतो. मामा सांगतो, धाकटीचं लग्न कसं जमेल याचा विचार कर. याला कुणी फूस म्हणत नाही, याला माया म्हणतात. पण तोच प्रश्न विचारून बघा. त्या मुलाला ‘नाही’ म्हटलं असतं तर तिचं काय गेलं असतं? आणि घरच्यांना ‘नाही’ म्हटलं तर काय जातंय? दोन्हींची बेरीज करा, मग ठरवा दोरी कुणाच्या हातात होती.

मुलगी अठराच्या आतली असेल तर गोष्ट वेगळी. तिथं ‘ती स्वतः आली’ हे उत्तर चालत नाही आणि चालूही नये. पण तिथंही बातमी करताना ‘फूस’ लिहून मोकळं होऊ नये, काय घडलं ते लिहावं, एवढं मी शिकलो.

पोरांनो, तुम्हीही

आणि मुलग्यांनो, आपण कायम गळ टाकणारेच असतो, असं समजू नका.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, हे कुणाला सांगायला नको. तीस उलटली, पस्तिशी आली, सोयाबीनच्या भावावर घर चालतंय, पाहुणे येतात आणि ‘नोकरी नाही का?’ विचारून चहा पिऊन जातात. अशा घरात एक दिवस मध्यस्थ येतो. दुसऱ्या जिल्ह्यातली मुलगी आहे म्हणतो, खर्चापुरते पैसे मागतो. लग्न लागतं. आठ-पंधरा दिवसांत नवरी दागिने घेऊन पसार. विदर्भ-मराठवाड्यात अशा बातम्या सतत येतात, आणि गाव त्या पोराला हसतं. का हसतं? तो भुलला ते रूपाला नाही. घरात कुणीतरी यावं, आईला हाताखाली माणूस मिळावं, या साध्या इच्छेला भुलला. फसवणाऱ्यानं त्याची मूर्खता हेरली नव्हती, त्याची गरज हेरली होती.

मोबाइलवरही तेच. अनोळखी मुलीची रिक्वेस्ट, दोन दिवस गोड गप्पा, मग व्हिडिओ कॉल, मग रेकॉर्डिंग आणि पैशाची मागणी. कितीतरी पोरं कुणाला न सांगता पैसे भरत राहतात. घरी कळलं तर काय, ही भीतीच त्या टोळीचं खरं भांडवल असतं. असं झालं तर पैसे देऊ नका, सगळं डिलीट करू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि एका तरी माणसाला सांगा. सांगितलं की धमकीतली निम्मी हवा जाते.

शिकलेले असे फसत नाहीत, हाही भ्रमच. मे २०२३ मध्ये राज्याच्या एटीएसनं पुण्यात डीआरडीओच्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाला अटक केली. सोशल मीडियावर बाईच्या नावानं बोलणाऱ्या पाकिस्तानी हस्तकाच्या नादी लागून गोपनीय माहिती दिली, असा आरोप. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण पद आणि पदवी असली की माणूस या सापळ्यांपासून सुरक्षित आहे असं तपास यंत्रणा तरी समजत नाहीत. आपण का समजावं?

तीन साधे प्रश्न

म्हणून कुणाच्या ओढीत असाल, किंवा कुणाला ओढत असाल, तर स्वतःला तीन गोष्टी विचारा.

मी ‘नाही’ म्हटलं तर माझं काय जाईल? उत्तर ‘थोडं वाईट वाटेल’ एवढंच असेल तर ठीक. उत्तरात मार्क, मजुरी, नोकरी, घर किंवा फोटो आला, तर ते प्रेम नाही, व्यवहार आहे, आणि तोही अडवणुकीचा.

मी सरळ प्रश्न विचारू शकतो का? ‘तू दोन दिवस का बोलला नाहीस?’ हे विचारायची भीती वाटत असेल तर पाणी कुठंतरी मुरतंय.

हे मी माझ्या जवळच्या माणसाला सांगू शकते का? ‘कुणाला सांगू नको’ हे वाक्य जिथं वारंवार येतं, तिथून पाय काढलेला बरा.

आणि तुम्हीच वरच्या बाजूला असाल, म्हणजे सीनियर असाल, क्लास घेत असाल, पगार देत असाल, तर हेच प्रश्न समोरच्याच्या जागी बसून विचारा. तुम्हाला मिळालेल्या ‘हो’मध्ये खरा होकार किती आणि नाइलाज किती, ते मोजा. हे मोजणं वरच्यानंच करायचं असतं. अडलेल्याला ती सोय नसते.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी त्या मुलीला मेसेज केला. तीन वर्षांनी. लिहिलं, ‘तेव्हा तुझं काही चुकलं नव्हतं. मी मुद्दाम तसं वागत होतो. सॉरी.’ मेसेज पोचला, वाचलाही गेला. उत्तर आलेलं नाही.

सुरुवातीला दर पाच मिनिटांनी फोन बघत होतो. मग लक्षात आलं, ती उत्तर द्यायला बांधील नाही. या वेळी गप्प राहण्याची तिला काहीच किंमत मोजावी लागत नाही. ते मला बरं वाटलं.

परवा ताईंनी पुन्हा तशाच चार ओळी माझ्यापुढे सरकवल्या. या वेळी मी टाइप करण्याआधी पोलीस ठाण्याला फोन लावला. बातमीला पाच मिनिटांऐवजी पाऊण तास लागला, आणि तिच्यात ‘फूस’ हा शब्द नव्हता.